पायरीवरची टोपली उठू देऊ नका

वसई गावात पारनाक्याला उतरून झेंडा बाजाराकडे चालू लागलं की दुकानांच्या आधी टोपल्या दिसतात. दुकानाची पायरी दुकानदाराची, पण पायरीपुढची हात-दीड हात जागा कुणा मावशीची. तिच्याकडे सातबारा नाही, भाडेपावती नाही. तिची सासू तिथे बसायची, आता ती बसते, एवढाच तिचा हक्क. सकाळी येऊन ती गोणपाट अंथरते. त्यावर अळूच्या जुड्या, केळफूल, शिराळी, लाल माठ आणि पानाच्या पुडीत बांधलेली मोगऱ्याची फुलं मांडते. दुकानदार तिला प्यायला पाणी देतो, तिची पिशवी गल्ल्यामागे ठेवतो. तो जेवायला घरात गेला की ती दुकानावर नजर ठेवते. दुपारी उठताना जागा झाडून जाते.

हा लेख त्या हात-दीड हात जागेसाठी आहे. ती गेली तर या रस्त्यावरची दुकानं, खानावळी, कारागिरी यांतलं फार काही शिल्लक राहणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि ती जाऊ लागली आहे. म्हणून वसईकरांनो, तुमच्याशी बोलायचं आहे.

बाजार एका दिवसात मोडत नाही. आधी एखादं जुनं कौलारू घर पडतं, ज्याच्या तळाला दुकान आणि माडीवर बिऱ्हाड असायचं. त्या जागी इमारत येते. नव्या इमारतीतली दुकानं जोत्यावर उंच, पुढे लोखंडी कठडा, कठड्यापुढे दुचाकींची रांग. बसायला पायरीच उरत नाही. मावशी थोडी पुढे सरकते, नाक्यावर बसते. तिथे गाड्या वळतात, रिक्षावाले ओरडतात, कुणीतरी येऊन उठवतं. माझ्या ओळखीच्या एका आजींना अशा एका नव्या इमारतीपुढून उठवलं तेव्हा त्या वाद न घालता टोपली उचलून समोर गेल्या. समोरूनही उठवलं. मग त्यांनी येणंच सोडलं. त्यांची सून आता भाजी घरच्या दारात एका व्यापाऱ्याला मोजून देते आणि तो देईल तो भाव घेते. वाडीतला अळू तोच आहे, तो आता वसईतच मिळत नाही.

आजवर हे सगळं सावकाश चाललं होतं. आता वेग वाढला आहे. २००९ साली चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती, आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते आपण रोज पाहतोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो सेवा सुरू झाली. घोडबंदरचा वळसा वाचला, त्याचा आनंद मलाही आहे. पण आता खाडीपलीकडून थेट किल्ल्यापाशी गाड्या उतरतात, रविवारी तर रांगाच लागतात, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य येतं : रस्ता मोठा करा, ही गर्दी हटवा. त्या ‘गर्दी’त माझी मावशी बसलेली असते.

हा रस्ता कुठून आला तेही थोडं आठवू या. इथल्या किनाऱ्याला व्यापार नवा नाही. शेजारचं सोपारा हे प्राचीन बंदर, ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचं नाव येतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही मिळाले आहेत. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी झाली. त्या काळात इथे जन्मलेले आणि १८६२ साली संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन होण्याआधी पूर्वेकडच्या व्यापारात होते, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. इथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. त्यातली नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली अजून वाजते. पुढे किल्ला ओस पडत गेला, तटाबाहेरची वस्ती आणि तिचा बाजार मात्र टिकला. रेल्वे आली तीही गावापासून दूर. त्यामुळे स्टेशनजवळ नवी वसई फोफावली आणि पारनाका, झेंडा बाजार, होळी हा पट्टा बराच काळ आपल्या चालीने चालत राहिला. त्या दूरपणाचे उपकारच झाले म्हणायचे.

किल्ल्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. बाजाराला कुणाचंच नाही.

आता या रस्त्यावर काय आहे ते सांगते, कारण रोज जाणाऱ्यालाच ते दिसेनासं होतं.

एप्रिल-मे महिन्यात मसाल्याच्या डंखापाशी उभं राहून बघा. लोखंडी मुसळं वर उचलली जातात, खाली आपटतात, आणि सगळा रस्ता शिंकतो. बाहेर बायका आपापले डबे आणि पिशव्या घेऊन रांगेत. एकीच्या पिशवीत कोळी मसाल्याच्या मिरच्या. दुसरी वाडवळ, तिचं धण्याचं प्रमाण वेगळं. तिसरी लाल लुगडं नेसलेली कुपारी आजी, तिला बाटली मसाला करायचा आहे. त्यात वीस-पंचवीस जिन्नस, प्रत्येक वेगळा भाजलेला, कुठला किती ते तिच्या हाताला ठाऊक. तिथे कुटणाऱ्या बाई पिशवी उघडून वास घेतात आणि विचारतात, “हळकुंड कमी घातलंत का हो यंदा?” आजी म्हणते, “गेल्या साली जास्ती झालतं.” कुटून झालेला मसाला घरी नेऊन गडद रंगाच्या बाटल्यांत काठीने दाबून दाबून भरायचा, म्हणजे वर्षभर त्याचा रंग जात नाही. ही रांग म्हणजे वसईच्या सगळ्या समाजांची एकमेकींच्या स्वयंपाकघराशी असलेली ओळख आहे. पाकिटातला मसाला घेऊन ती ओळख राहत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तुंगारेश्वरच्या बाजूच्या पाड्यांवरून आदिवासी बायका शेवळं घेऊन येतात. जांभळट, लांबट, कोवळे कोंब. ते तसेच शिजवले तर घशाला खाजतात. म्हणून त्या शेवळांच्या जुडीसोबत काकडांची हिरवी फळंही देतात आणि नवख्या गिऱ्हाइकाला बजावतात : हे वाटून रस घातल्याशिवाय चुलीवर ठेवू नका. पुढे टाकळा येतो, कुर्डू येतो, करटोली येतात. हे कुठल्याही ॲपवर मिळत नाही, आणि मिळालंच तर सोबत ती सूचना येत नाही. रानातल्या भाजीचं ज्ञान या बायका वाट्याबरोबर फुकट देतात. त्यांना बसायला जागा नसेल तर त्या दहा-पंधरा किलोमीटर चालत-रिक्षाने इथवर कशाला येतील?

मग सुकेळी. वसई-आगाशीकडची राजेळी केळी पिकली की सोलून मांडवावर उन्हात घालतात. संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायची, असं कित्येक दिवस. हळूहळू केळं आकसतं, तपकिरी होतं, त्याचाच गोडवा त्याच्यावर चकाकू लागतो. मग सुक्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळून त्याची पुडकी बांधतात. साखर नाही, तूप नाही, ऊन आणि कष्ट एवढंच. राजेळीच्या बागा कमी झाल्या, विहिरी खारट झाल्या, सुकेळी करणारे हात थोडे उरले. हे मोजके लोक आपला माल मॉलमध्ये नेऊन मांडू शकत नाहीत. त्यांना पायरी लागते, आणि कार्तिक वद्य एकादशीला भरणारी निर्मळची यात्रा लागते.

नाक्याच्या कडेला मासळी घेऊन बसलेल्या कोळणी पाचूबंदर, किल्लाबंदराच्या. त्यांच्याकडे ओलं-सुकं दोन्ही. बांबूंच्या वलांड्यांवर वाळवलेले बोंबील, जवळा, सुकट. पावसाळ्याची बेगमी करायला अजूनही घरोघरच्या बायका पापडीच्या आठवडी बाजारात जातात आणि बोंबील मोडून, वास घेऊन, भाव करून घेतात. खाण्याचं म्हणाल तर आगाशीच्या भुजिंगासाठी मुंबईहून गाड्या येतात. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, पोहे, बटाटा आणि मसाला, असा हा साधा पदार्थ. आधी कोंबडी भाजायची आणि मग पोह्यांना तिच्या धुराचा वास लागू द्यायचा, हे घाईत होत नाही. बेकऱ्यांतले पाव सकाळी गरम, नाताळ जवळ आला की कलकल आणि केक, घराघरांत फुगे. हिवाळ्यात वाडवळांच्या वाडीत उकडहंडी लागते. त्यासाठी लागणारा कंद, कोनफळ, वालपापडी आणि मातीचं मडकंसुद्धा याच रस्त्यावर मिळतं. खानावळीत काय शिजतं ते शेवटी पायरीवरच्या टोपलीत काय आलं त्यावर ठरतं. ही साखळी लक्षात घ्या. टोपली उठली की खानावळीच्या ताटात वाशीहून आलेला फ्लॉवर आणि ढोबळी मिरची येते, आणि मग ती खानावळ इतर कुठल्याही शहरातली असली तरी चालते.

या रस्त्यावर कला नाही असं कोण म्हणतं? फ्रेमवाल्याच्या दुकानात गणपती, येशूचं पवित्र हृदय आणि मक्केचं चित्र एकाच भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेली असतात. श्रावणात मूर्तिशाळांत शाडूचा वास येतो. डिसेंबरात तीच मुलं बांबूच्या कामट्या वाकवून, पतंगी कागद चिकटवून चांदण्या करतात आणि गावागावांतले नाताळचे गोठे बघायला बिनख्रिस्ती शेजारीही लेकरांना घेऊन फिरतात. शिंप्याकडे एकाच वेळी मुंजीचे कपडे आणि पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा शिवायला पडलेला असतो. जुन्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या अजून काही ठिकाणी आहेत. त्या अक्षरांची वळणं मन लावून बघा, कुणीतरी श्वास रोखून ब्रश ओढला आहे. फ्लेक्स लागला की ती पाटी मागे झाकली जाते आणि एक दिवस भंगारात जाते.

कानालाही हा रस्ता ऐकायला हवा. कादोडी, वाडवळी, कोळी, आगरी, गुजराती, उर्दू, आणि या सगळ्यांची मिळून झालेली वसईची मराठी. भाव करताना माणूस आपल्या घरच्या बोलीवर येतो. शाळेत जी बोली शिकवली जात नाही ती इथे बोलली जाते, म्हणून ती जगते.

आता आक्षेपांकडे येते. ते खरे आहेत आणि ते करणारे आपलेच लोक आहेत.

दुकानदार म्हणतात, आम्ही कर भरतो, वीजबिल भरतो, आमच्यापुढे बसून कुणी फुकट धंदा का करावा? रहिवासी म्हणतात, रुग्णवाहिका आली तर ती जाणार कुठून? तरुण मुलं म्हणतात, कचरा, चिखल, माशा. यातल्या एकाही गोष्टीला मी क्षुल्लक म्हणणार नाही. रुग्णवाहिकेचा रस्ता मोकळा हवाच. पण सकाळच्या वेळी बाजारात उभं राहून बघा, रस्ता नेमका कोण अडवतं. पायरीपाशी बसलेली बाई दीड हात जागा घेते. तिच्यापुढे उभी केलेली चारचाकी आठ-दहा हात घेते, आणि तिचा मालक दुकानात चहा पीत असतो. सकाळच्या बाजाराच्या वेळात खाजगी गाड्या बाहेर थांबवल्या, रो-रोने येणाऱ्या पर्यटकांना गाडी लावायला गावाबाहेर जागा दिली आणि किल्ल्यापर्यंत चालत किंवा रिक्षाने यायला लावलं, तर रुग्णवाहिकाही जाईल आणि पर्यटकाच्या हातात जाताना सुकेळीचं पुडकंही असेल. कचऱ्यासाठी दिवसातून दोनदा घंटागाडी आणि बसण्याच्या जागेपाशी पाण्याचा नळ, एवढंच लागतं. आणि दुकानदारबंधूंना एक विचारते : भाजी घ्यायला आलेलीच बाई तुमच्याकडून साबण, खोबरेल, अगरबत्ती घेऊन जाते ना? टोपल्या गेल्या तर ती सगळं एकाच ठिकाणी, वातानुकूलित दुकानात घेईल. मग तुमच्या कर भरलेल्या दुकानात कोण येणार?

हे सगळं मी भावनेने बोलते आहे असं वाटत असेल तर कायदा काय म्हणतो ते ऐका.

२०१४ साली संसदेने पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम केला. रस्त्यावर विकणाऱ्याला तो अतिक्रमणवाला मानत नाही, उपजीविका करणारा नागरिक मानतो. महापालिकेने दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. ज्या नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने हे व्हायचं, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असायला हव्यात. दुसरीकडे हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागितला की त्याच दिवशी परत करावा लागतो. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. यापुढचं फार थोड्यांना माहीत आहे.

जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत त्याला हा कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो, आणि परिशिष्टात स्पष्ट सांगतो की अशा बाजाराला ना-फेरीवाला क्षेत्र ठरवता येत नाही. त्याहून पुढे जाऊन तो म्हणतो की ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्रेते व्यवसाय करत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांचं स्थलांतर करायचं नाही.

पन्नास वर्षं! पारनाक्याला, झेंडा बाजाराला, होळीला, पापडीला, आगाशीला पन्नास वर्षं सिद्ध करणं अवघड आहे का? आपल्या आज्या तिथे बसल्या आहेत. कायदा आपल्या बाजूने लिहिलेला आहे. आपण अजून मागितलेलं नाही, एवढंच बाकी आहे.

वसई नगरपालिका १८६४ सालची. टोपलीमागे बाजारफीची पावती फाडायची पद्धत आपल्या आज्यांनी पाहिलेली आहे. त्या पावत्या घरच्या पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, जुन्या पासबुकात अजून असतील. त्या शोधा. लग्नाच्या वरातीचे जुने फोटो शोधा, मागे बाजार दिसतो का बघा. एखाद्या दुकानाचं जुनं बिल, वर्तमानपत्राचं कात्रण, जत्रेची पत्रिका, काहीही चालेल. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांनी वयोवृद्धांचं म्हणणं लिहून घ्या. सासू कुठे बसायची, कोणत्या दुकानापुढे, तेव्हा दुकानात कोण होतं, काय विकायची, कुठल्या गावाहून यायची. खाली सही किंवा अंगठा, तारीख, दोन साक्षीदार. जुन्या नगरपालिकेच्या बाजारफीच्या नोंदी आता महापालिकेच्या दप्तरी असायला हव्यात, त्या माहितीच्या अधिकारात मागता येतात. दहा रुपयांचा अर्ज आणि ३० दिवस. ज्या मावशींनी पीएम स्वनिधी योजनेतून कर्ज घेतलं आहे त्यांच्याकडे विक्रेता असल्याचा कागद आहेच, त्याची झेरॉक्स जोडा.

आपण हे पहिल्यांदाच करणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डर आणि पाण्याचे टँकर तुटून पडले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. चर्चच्या आवारात, देवळाच्या पारावर, वाड्यावाड्यांत लोक जमले, मोर्चे निघाले. नंतर उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आणि २०२४ च्या जुलैमध्ये आपल्याला सोडून गेलेले फादर आयुष्यभर हेच सांगत राहिले की वसईची माती आणि पाणी विकायला काढलेलं नाही. त्या लढ्यात वाड्या वाचल्या तेवढ्या वाचल्या. पण वाडी वाचून तिचा माल विकायला जागा नसेल तर वाडी किती दिवस टिकेल? शेतकऱ्याचं पोर जमीन का विकतं ते त्याच्याशी बोला. भाजीत पैसा नाही, हेच उत्तर मिळेल. त्याच्या आईला पायरीवर बसून पूर्ण भाव मिळत होता तोवर पैसा होता. बाजार वाचवणं हा हरित वसईचाच राहिलेला अर्धा भाग आहे.

बाहेर कुठे असं घडलं आहे का, असं विचाराल. इंफाळच्या इमा कैथेलमध्ये विक्रेत्या सगळ्या बायका, हजारोंच्या संख्येने. बसण्याची जागा आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जाते. १९३९ साली तांदळाच्या निर्यातीविरुद्ध उठलेल्या ‘नुपी लान’मध्ये याच बाजारातल्या बायका पुढे होत्या. तिथे पक्क्या इमारती आल्या, पण आत बसतात त्या त्याच बायका. आणि जवळचं उदाहरण मुंबईतल्या दादाभाई नौरोजी मार्गाचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वास्तुसंरक्षक आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या दुकानदारांनी आपल्या पाट्यांना शिस्त लावली, कमानी झाकणारे फलक काढले. २००४ साली युनेस्कोने त्या कामाची दखल घेतली. झेंडा बाजारातले दुकानदार मनावर घेतील तर फ्लेक्स उतरवून हाताने रंगवलेल्या मराठी पाट्या पुन्हा लावायला किती दिवस लागणार? ज्यांची घरं पुनर्विकासाला गेली आहेत त्यांनी वास्तुविशारदाला आत्ताच सांगावं : रस्त्याकडेला दोन पायऱ्या आणि वर पुढे आलेली पडवी हवी. पावसात तिच्याखाली मावशी बसेल. नकाशा मंजूर झाल्यावर सांगून उपयोग नाही.

महापालिकेच्या विकास आराखड्यावर, रस्तारुंदीकरणाच्या कुठल्याही जाहिरातीवर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा मुदतीत अर्ज गेला पाहिजे. व्हॉट्सॲपवर संताप व्यक्त करून फाईलमध्ये काही पोचत नाही. शिक्का मारलेली पोच हातात ठेवा.

नोकरीसाठी पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना मी सकाळी बाजारात या असं म्हणणार नाही. पण रविवार तुमचा आहे. त्या दिवशी घरी डबा मागवण्याआधी एक फेरी पारनाक्याला मारा, मुलांना बरोबर घ्या. शेवळं कशी निवडायची ते मावशीला विचारू द्या त्यांना. नव्या वसईत, नालासोपाऱ्यात, विरारला राहायला आलेल्यांनो, हे तुम्हालाही सांगते आहे. तुम्ही बाहेरून आलात म्हणून हा बाजार तुमचा नाही असं नाही. झेंडा बाजारात आलेला प्रत्येक माणूस कधीतरी कुठूनतरी आलेलाच आहे.

मागणीच्या अर्जाचा मजकूर फार लांब नको. महापालिका आयुक्त आणि नगर पथविक्रेता समिती यांना उद्देशून : २०१४ च्या अधिनियमानुसार पारनाका-झेंडा बाजार, होळी, पापडी आणि आगाशी येथील बाजारांची नैसर्गिक बाजार म्हणून नोंद करावी, पन्नास वर्षांहून जुना व्यवसाय असल्याचे सोबतचे पुरावे तपासून ते वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत, सर्वेक्षणात हंगामी रानभाज्या आणणाऱ्या आदिवासी महिलांची आणि सुकेळी-सुकी मासळी विकणाऱ्यांची नावं वगळू नयेत, आणि तोवर एकाही विक्रेत्याला उठवू नये. खाली सह्या. पहिल्या ओळीत विक्रेत्या बायकांच्या, दुसऱ्या ओळीत ज्यांच्या पायऱ्यांपुढे त्या बसतात त्या दुकानदारांच्या, मग आपल्या सगळ्यांच्या. दोन प्रती काढा. एक प्रत वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घेऊ नका.